राजवाड्यातल्या दादाला

प्रिय दादा,

दुष्काळात माणसं उपाशी मरत होती आणि राजाने कोठारं उघडली ती घोड्यांसाठी. तेव्हा तू आणि ह्यांनी खांद्याला खांदा लावून राजवाड्याचं दार फोडलं. आता तू आत राहतोस आणि हे तुरुंगात आहेत. का, तर भर सभेत ह्यांनी तुला विचारलं, "निवडणूक कधी?"

काल भेटीत मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "माफी लिहून द्या. दादा सोडेल."

हे हसले. "माफीच मागायची होती, तर राजा काय वाईट होता?"

हे पत्र टाकणार नाही. तुझी माणसं आधी वाचतील आणि भोगावं ह्यांना लागेल.

छकुली रोज विचारते, "मामा बाबांना आणायला गेलाय ना?"

मी हो म्हणते.

तुझी,
धाकटी