बांधाच्या फळ्या सुनेच्या ताब्यात

मी, पाणचक्कीची मालकीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी खाली सही केली आहे. 'कोणाच्याही दडपणाशिवाय' असे मात्र मी लिहिणार नाही, कारण चिरंजीव करवत घेऊन खालच्या खोलीत बसले आहेत आणि मी डोळे मिटायची वाट बघत आहेत.

१. राहते घर, बँकेतली ठेव आणि त्याच्या वडिलांचे घड्याळ मुलाला. पोटचा गोळा आहे. रागावले तरी त्याला उघड्यावर टाकणार नाही.

२. चक्की, बांध व बांधाच्या फळ्या मुलाला मिळणार नाहीत. कारण असे. सासऱ्यांनी दळणासाठी ओढा अडवला. पाणी थांबले तसे काठाला लव्हाळे आले, लव्हाळ्यात बेडूक, बेडकांमागे बगळे. बोटाएवढ्या मासळीनेही तिथेच संसार थाटला. आमंत्रण कोणी दिले नव्हते. पुढे मुलाने बांधाखाली तळी खणून बाहेरचा दांडगा मासा आणला. पुरात तो ओढ्यात सुटला आणि खालच्या पाण्यात होते नव्हते ते फस्त करून बसला. आता तिथे बेडूकसुद्धा ओरडत नाही. त्या माशाच्या आणि वरच्या पाण्याच्या मधे आहेत त्या फक्त या फळ्या. त्या कापून वरचे पाणीही मुलाला आपल्या माशांना द्यायचे आहे. "आई, चार बेडकांसाठी माझ्या पोटावर पाय देतेस?" म्हणतो. अरे, तुझं पोट कधी भरणार आहे का?

३. हे सर्व मी सुनेला देते. होय, सुनेलाच. या घरात आल्यापासून तिने माझे एक म्हणणे सरळ ऐकलेले नाही. मीठ कमी आहे म्हटले की बरणीच पुढ्यात आदळते. मीही काही कमी नाही. पण परवा मुलाने पहिली फळी उपसली, तेव्हा मी खिडकीत होते. पाय साथ देईनात, जीव नुसता तळमळत होता. तेवढ्यात ही बया कमरेएवढ्या पाण्यात उतरली, फळी हिसकावली, परत जागेवर ठोकली आणि नवऱ्याला म्हणाली, "आधी मला कापा." मग ओल्या लुगड्यानिशी वर आली आणि माझ्यावरच खेकसली, "सासूबाई, खिडकी लावा, वारा बाधेल!" मला रडू आले. तिला दिसू दिले नाही.

४. हे तिला माझ्या माघारी कळवावे. आधी कळले तर माझ्या नाकावर टिच्चून नको म्हणेल. नंतरही नको म्हणालीच, तर साक्षीदारांनी तिला बांधावर न्यावे आणि सांगावे, "मग एक फळी तुझ्या हाताने काढ." तिच्याने ते होणार नाही.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही), शेजारचे सुतार (सही)
ठिकाण: चक्कीवरची खोली
तारीख: डॉक्टरीणबाईंनी सहीखाली घातली आहे तीच
लिहून देणार: पाणचक्कीची मालकीण, म्हणजे तिची सासू (सही)