गळ्यात काही नव्हतं

बाबा, आज सकाळी गल्लीत कुत्र्यांची गाडी आली आणि पन्नाशीची मी दाराआड जाऊन उभी राहिले. खरं तर आता भिण्यासारखं काही उरलेलं नाही. कायदा बदलला. कुत्र्याला नेतात, ऑपरेशन करतात, कानाला खूण करून जिथून उचललं तिथेच आणून सोडतात. तुमच्या वेळी गाडीत गेलेलं कुत्रं परत येत नसे.

तेव्हा आपण नाहूरला राहायचो आणि तुम्ही पालिकेच्या कुत्रे पकडायच्या गाडीवर होतात. पकडलेल्या प्रत्येक कुत्र्याची मान तुम्ही अंगठ्याने चाचपायचात, केसांत लपलेला परवान्याचा बिल्ला नजरेतून सुटू नये म्हणून. बिल्ला लागला की सोडून द्यायचात. एकदा चहा पिताना म्हणालात, परवा आपली गल्ली. जिन्याखालच्या तांबड्या कुत्रीला मी चपाती घालते हे तुम्हाला ठाऊक होतं. "जीव लावू नको गं. बिल्ला नाही ते कुणाचंच नाही. कायदाच तसा आहे."

शाळेमागे एक म्हातारे मास्तर राहायचे. त्यांचा पांढरा कुत्रा दिवसभर दारात पडलेला असायचा. मला वाटलं, याला घर आहे, मास्तर आहेत, याला बिल्ला कशाला? ब्लेडने त्याच्या गळ्यातली बिल्ल्याची दोरी कापली आणि तांबडीला बांधली. आपल्या गल्लीत, तांबडीला माझ्यासमोर धरायच्या शरमेने, तुम्ही गाडीतून उतरलाच नाहीत, जोडीदाराला पाठवलंत. त्याने बिल्ला बघून तांबडीला सोडलं. मग गाडी शाळेकडे वळली.

संध्याकाळी मास्तर आपल्या दारात उभे. माझ्या कुत्र्याला बिल्ला होता हो, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. तोवर सगळं उरकलं होतं.

"गळ्यात काही नव्हतं, मास्तर. मी हात लावून बघितलं."

मी मोरीत उभी होते. तांबडीचा काढून आणलेला बिल्ला मुठीत रुतत होता. तोंड उघडलं तर पोलीस मला नेतील, नाही उघडलं तर तुम्हाला, असं वाटत होतं. उघडलं नाहीच. मास्तरांनी तक्रार केली, तुम्हाला गाडीवरून काढून गटारांच्या कामावर लावलं. पुढची कितीतरी वर्षं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला तो अंगठा दाखवून सांगत राहिलात. शेवटी दवाखान्यात म्हणालात, "नसेल बघितलं मी नीट." मी चादर सारखी केली.

बिल्ला माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. हा कागदही तिथेच जाईल. आई अजून आहे, पण तिला दाखवायची छाती होत नाही. तुम्ही नीटच बघितलं होतंत, बाबा. गळ्यात खरंच काही नव्हतं.