पाखरू एकच होतं

बा, तू जिंकलास. सांगायला चाळीस वर्षं उशीर झाला, पण ऐक.

जूचंद्रच्या मिठागरातली ती चैत्रातली दुपार. मी वालीवच्या कारखान्यात नुकता लागलोय, रद्दीतून पक्ष्यांचं जुनं पुस्तक आणलंय आणि मला शिंगं फुटलीत. चिखलात वाकड्या चोचीची राखाडी पाखरं चरतायत, मधेच काही विटेसारखी लाल. तुम्ही मिठागरवाले तो लाल रंग बघूनच हंगाम सरत आला हे ओळखायचात आणि मीठ उचलायची घाई करायचात. मी म्हटलं, या दोन जाती, पुस्तकात लाल पाखरू नाहीच. तू मिठाच्या कोंडीतला चिखल तुडवत मान वर न करता म्हणालास, "दोन नाय रं, एकच हाय. घरा जायच्या आधी रंगतं." त्यावर मी सगळ्या गड्यांसमोर बोललो, "बा, तुला अक्षर ओळखता येत नाय, तू पाखरू काय ओळखनार?" गडी हसले. तू पाणी सोडायला निघून गेलास. ते वाक्य परत घ्यायच्या आत तूच जग सोडून गेलास, आणि मला ते कुसळासारखं सलत राहिलं.

आता तिथे मीठ पिकत नाही, पण भरतीचं पाणी येतं, पाखरं येतात. निवृत्त झाल्यावर मी वसाहतीतल्या पाचसहा जणांबरोबर दर रविवारी सकाळी बांधावर जातो. पाखरांच्या नोंदींची वही शाळेतल्या बाईंकडे असते. त्यात त्या राखाडी वेगळी, लाल वेगळी लिहायच्या. मी म्हटलं, एकच आहे. बाई म्हणाल्या, "काका, पुराव्याशिवाय नाही हं." पुरावा मला माघात सापडला. एका राखाडी पाखराला उजवा पंजाच नव्हता, उड्या मारत चरायचं. बाई म्हणाल्या, "हे लाल झालं तर वहीची पानं फाडीन." म्हटलं, "फाडू नका, रेघ मारा नुसती."

मग मी दर रविवारी जीव मुठीत धरून जायचो. फाल्गुनात त्याच्या छातीवर चार लाल ठिपके उठले, जणू कुणी पानाची पिचकारी टाकली. पुढच्या रविवारी ते दिसलंच नाही. रंगायच्या आधीच निघून गेलं तर तुझा शब्द माझ्यासाठी कायमचा खोटा राहणार होता. जेवण गेलं नाही मला. आणि आज बांधाच्या कडेला, दहा पावलांवर, एका पायावर उड्या मारत, गळ्यापासून पोटापर्यंत लालेलाल. बाईंनी बराच वेळ दुर्बीण खाली घेतली नाही. मग पेन काढलं आणि पानभर रेघ ओढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती अशी फुगली, बा, की सदऱ्याची बटणं तुटायची राहिली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून खरं ते लिहितो. बाईंनी विचारलं, "काका, हे तुम्हाला शिकवलं कुणी?" तुझं नाव अगदी ओठावर आलं होतं. मी म्हणालो, "कुणी नाही, बघून बघून माझं मीच शिकलो." टाळ्या फार गोड लागत होत्या, बा.