चांदीच्या कागदातली वांगी

डेट्रॉईट, जुलै २००२

अव्वा,

तुला आणि अप्पांना बसवेशचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी खुशाल हाय. काल ऑफिसातल्यांनी बागेत शेगडी पेटवलेली. घाबरू नकोस, मटणाला मी शिवलो न्हाय. हितं ज्यानं त्यानं आपलं जेवण चांदीच्या कागदात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवायचं. मी तुझी चटणी भरून वांगी ठेवली. कागद उघडला आणि कुरुंदवाडच्या मळ्यातला वास आला बघ.

सवयीनं एक वांगं शेजारच्या मार्कच्या ताटात वाढलं. तो हसून म्हणाला, "माझं आहे माझ्याकडे." मग मीच खाल्लं.

अप्पांचा गुडघा कसा हाय? मळ्यात वांगी भाजशील तवा माझ्या वाटचं त्यांना वाढ. नको म्हणाले तरी वाढ.

तुझा,
बसवेश