फ्रिजच्या बाजूचं बटण

प्रिय टॅमसिन,

जाड मार्करने लिहितोय, एकेक अक्षर बटाट्याएवढं झालंय. हसू नकोस, कारण पुढे येईल. बुधवारपासून मी सुन्न आहे. क्लॅरी, माझा बोटीवरचा जुना जोडीदार, मला बघून म्हणाला, "काय रे, भूत बघितलंस की काय?" भूत परवडलं असतं. भुताला निदान विचारता येतं, बाबा रे, तुला काय हवंय.

ब्राउझरबद्दलची माझी मतं तुला तोंडपाठ आहेत. तुझ्या कंपनीचा ब्राउझर म्हणजे गावातली चोंबडी बाई. एकदा आत घेतलं की कपाटं उघडून बघणार. मी गमबूट शोधले तर महिनाभर गमबूट माझ्या मागे लागले होते. दुसरा एक कॉम्प्युटरबरोबर न मागता येतो आणि कितीदा काढला तरी परत दारात उभा. आणि माझा पेट्रेल? गरीब गाय. चार हौशी माणसांनी फुकट बनवलेला. वाऱ्याच्या अंदाजाचं पान उघड म्हटलं की उघडतो, बाकी तोंड बंद. तू त्या कंपनीत लागलीस तेव्हा मी म्हणालो होतो, "विकलंस ना शेवटी स्वतःला!" तूही काही कमी नाहीस. "बाबा, तुझा पेट्रेल म्हणजे गळका तराफा आहे, एक दिवस बुडवेल तुला," असं म्हणून फोन आपटलास. तेव्हापासून आपण रविवारी फोनवर फक्त हवापाणी बोलतो. तुझ्या मेलबर्नला ऊन, आमच्या स्टॅन्लीला वारा, झालं.

पेट्रेलच्या तक्रारींच्या पानावर 'किटली' नावाने एक जण उत्तरं द्यायचा. कोण, कुठला, बाई की बाप्या, काही ठाऊक नाही. पण माणूस गुणी. काही बिघडलं की लिहायचं, चहा होईस्तोवर उत्तर हजर. अनोळखी माणसाशी बोलणं किती सोपं असतं बघ. त्याला मी सांगितलं की माझ्या डोळ्यांसमोर मधोमध काळा डाग पडलाय, समोरचं अक्षर त्यात गडप होतं, तेव्हा अक्षरं मोठी करून दे. दुसऱ्या दिवशी वरच्या पट्टीत 'मोठं' असं एक नवं बटण आलं. किटलीने विचारलं, "घरी कुणाला सांगितलंत का?" मी लिहिलं, एक मुलगी आहे, पण ती माझ्यापेक्षा तिच्या कंपनीची जास्त आहे. तिला कळलं तर मला उचलून मेलबर्नला नेऊन ठेवेल आणि विसरून जाईल. यावर किटलीने ते बटण पिवळं केलं, मला चटकन दिसावं म्हणून.

बुधवारी पेट्रेलने स्वतःत काहीतरी बदल करून घेतला आणि ते पिवळं बटण गायब. मी किटलीला शिव्यांची लाखोली वाहिली. उत्तर आलं: "चिडू नका. वरच्या पट्टीत, फ्रिजच्या बाजूचं शेवटचं बटण दाबा." मी दाबलं. अक्षरं मोठी झाली. खूश होऊन चहासाठी दूध काढायला उठलो, फ्रिजच्या दाराला हात लावला आणि तिथेच खिळलो.

मला डावं-उजवं जन्मात कळलं नाही. बोटीवर लाल दिव्याची बाजू आणि हिरव्या दिव्याची बाजू, एवढ्यावर मी आयुष्यभर क्रेफिश पकडले. घरात तुझ्या आईने फ्रिजची बाजू आणि दाराची बाजू लावून दिली. तूही तेच ऐकत मोठी झालीस, शाळेत बाईंना म्हणालीस की माझा फ्रिजच्या बाजूचा दात दुखतोय. ही भाषा जगात तीनच माणसांची. त्यातली एक गेली.

मी तसाच क्लॅरीकडे गेलो. म्हटलं, पेट्रेलवाले लोक कोण आहेत रे? तो खो खो हसला. "पेट्रेल? अरे, ते तारू कधीच सोडलं सगळ्यांनी! बनवणारे पळाले, वापरणारे पळाले. तू अजून त्यात बसलायस?" मग रोज दुरुस्त कोण करतंय, मी विचारलं. "असेल कुणीतरी येडं," तो म्हणाला.

धक्क्यावर जाऊन बसलो. फ्रिजची बाजू म्हणणारं येडं जगात एकच उरलंय: किटली म्हणजे तू. दिवसभर तू तो बडा ब्राउझर चालवायचीस आणि घरी येऊन या गळक्या तराफ्याची भोकं बुजवायचीस, का, तर त्यात एकच उतारू उरला होता. आणि तो उतारू तुला तुझ्याच तोंडावर नावं ठेवत होता. टॅम, मला लाज वाटली, रडूही आलं. त्याहून जास्त मी हादरलोय, की तुला माझं सगळं ठाऊक होतं आणि मी तुला रविवारी वारा सांगत होतो.

पत्र लिहिलं ते अशासाठी. आज क्लॅरीकडून तुझ्या कंपनीचा ब्राउझर टाकून घेतला. अक्षरं मोठी होतात, वाऱ्याचं पान झटकन उघडतं. आल्या आल्या मला कानाचं यंत्र विकायला लागला, ते सोड. तेव्हा किटली आता खाली उतरव, पोरी, आणि जरा विश्रांती घे. आणि किटलीला सांगितलं ते आता तुला सांगतो: मला नीट दिसत नाही आणि भीती वाटते. लॉन्सेस्टनच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ घेतली आहे. गाडी चालवणं मी सोडलंय. न्यायला येशील का? आलीस की माझ्यासमोर बसू नकोस, समोरचं त्या डागात जातं. दाराच्या बाजूला बस. तिथून मला तुझा चेहरा दिसेल.

तुझाच,
बाबा