फायबरची बॉडी आणि फ्रिजवरचं कणीस

ऑरोरा, नेब्रास्का
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

आदरणीय मेहुणे व्हर्जिल यांस डेलमारचा नमस्कार.

(‘आदरणीय’ हे तुझ्या बहिणीने घालायला लावलं. आर्डिस शेजारीच सफरचंदं सोलत बसलीय आणि तिच्या हातात सुरी आहे.) तब्येत कशी आहे? गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, पण पाय अजून वाकत नाही, असं कळलं. आम्ही मजेत आहोत. बावीस मैलांवरच्या माणसाला पत्र कसलं लिहायचं, असं तू म्हणशील. पण तू माझा फोन उचलत नाहीस.

पत्रास कारण की, मी हॉट रॉड बांधायला काढलीय. बत्तीस सालची फोर्ड, आत नवं दणकट इंजिन. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, तयार आहे, इंजिन बसलंय, अडलं होतं ते बॉडीपाशी. माझा बाणा तुला ठाऊकच आहे: बॉडी असावी तर अस्सल जुन्या पत्र्याची. तीन वर्षं शोधून एका शेताच्या कुंपणात तशी एक मिळवली. चौघांनी मिळून उचलली, तर बॉडी वर आली आणि तळ जमिनीवरच राहिला. उरलेला पत्रा गांधीलमाश्यांनी धरून ठेवला होता, त्याही आम्हाला पाहून उठल्या. (कुठे चावल्या ते आर्डिस गावभर सांगतेय, तुलाही सांगेल.) तेव्हा झक मारत फायबरच्या नकली बॉड्या बघायला निघालो. हो, फायबरच्या. हसून घे एकदा.

लिंकनजवळच्या एकाने दाखवलेल्या बॉडीला मी नुसता टेकलो, तर दार आत गेलं. सरकलो, तर बाहेर आलं. मालक म्हणाला, “काका, टेकायचं नाही, लांबून बघायचं.” मी म्हटलं, मग बसायचं कुठे, बाजूला खुर्ची टाकून? दुसऱ्याची बॉडी जुन्या मापाला इंचाइंचाने बरोबर होती, पण त्या काळी माणसांना पोट नसावं. मी शेजारच्या सीटवर शिरलो (एक पाय मुद्दाम ताठ धरून, का ते विचारू नकोस) आणि अडकलो. मालकाने आणि त्याच्या म्हाताऱ्या आईने काखेत हात घालून मला उपसून काढलं. म्हातारी म्हणाली, “लेकरा, आधी खाणं कमी कर, मग गाडी बांध.” मी सांगून पाहिलं की दोष पोटाचा नाही, पायाचा आहे. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विषय संपला.

शेवटी कॅन्ससमध्ये विल्मा यांटझेन म्हणून एक बाई भेटल्या. नवरा गेल्यावर कारखाना त्याच चालवतात. त्यांची बॉडी आतून पोलादी नळ्यांनी बांधलेली. मी सगळा भार टाकून टेकलो, तरी हूं की चूं नाही. शिवाय त्यांच्याकडे लांब दाराची, खोल तळाची बॉडीही मिळते, त्यात पाय चांगले चार इंच जास्त पसरतात. मी टेप घेऊन अर्धा तास शेजारच्या सीटचीच मापं घेत बसलो. बाई म्हणाल्या, “अहो, गाडी चालवणार कोण?” म्हटलं, मी. “मग तुमच्या पायांची मापं घ्या की!” माझे पाय केवढे ते तू जाणतोसच, शाळेत मला बास्केटबॉलच्या संघात घेतलं ते टॉवेल धरायला. तरी लांबच बॉडी घेतली. रंग अजून ठरत नाही.

आता त्या दिवसाचं बोलतो. नऊ वर्षांपूर्वी कोर्टासमोरच्या चौकात तू तुझी फायबरची गाडी पहिल्यांदा आणलीस आणि मी आमच्या फ्रिजवरचा मक्याच्या कणसाचा लोहचुंबक तिला लावला. तो अर्थातच खाली पडला. मी ओरडलो, “फायबरचा बाथटब आलाय रे, साबण आणा!” आपला सगळा गाडीवाल्यांचा क्लब हसला. तू दोन वर्षं रोज संध्याकाळी खपून ती गाडी बांधली होतीस, आणि हे मला ठाऊक होतं. तेव्हापासून थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोन घरांत दोन टर्की भाजल्या जातात आणि आर्डिस दोन्हीकडे अर्धं अर्धं जेवते. चुकलं माझं, व्हर्जिल. फार चुकलं. हे कुणाच्या धाकाने लिहीत नाही. सुरी ठेवून ती केव्हाच आत गेलीय.

तुझा (अजूनही) मेहुणा,
डेलमार

ता. क. पाकिटात ते कणीस घातलंय. चौकात सगळ्यांसमोर माझ्या गाडीला लाव. पडेल. पुढे काय ओरडायचं ते तुला पाठ असेलच.

ता. क. २. माफीबिफी राहू दे, खरं काम वेगळंच आहे. गाडीचं उजवं, शेजारच्या सीटकडचं दार लागत नाही. फायबरच्या दाराची फट जुळवणं या भागात तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही. थँक्सगिव्हिंगच्या आत येऊन जा. केवळ दारासाठी म्हणतोय.

ता. क. ३. दादा, मी आर्डिस. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. दार उत्तम लागतं. मी आज सकाळीच तीनदा लावून पाहिलं. टर्की यंदा मी एकच सांगितलीय, मोठी.