खांबामागची खुर्ची

काका,

तीर्थरूप लिहायला हात धजत नाही.

तुमच्या मुलीच्या गाण्याला, दीडशे वर्षं जुन्या टाउन हॉलमध्ये, तुम्ही मला त्या अजस्र गोल खांबामागे बसवलंत. "तुला बघायचंय काय? ऐकू येतंय ना." माझं गाणं तुम्हीच बंद केलं होतंत.

उद्या तिथे मी गाणार आहे. आज हॉल बघायला गेले आणि त्याच खुर्चीत बसले. कार्यक्रमाआधी तिथला रखवालदार स्टेजवरून एक टाळी वाजवून हॉल तपासतो. खांबामागून स्टेज अजूनही दिसत नाही, पण तीच टाळी मागच्या भिंतीवर आपटून दोनदा ऐकू येते.

ती खुर्ची तुमच्यासाठी राखून ठेवलीय.

हे पत्र फाडतेय. पाकिटात फक्त तिकीट येईल.

तुमच्याच शब्दांत,
बेसूर पुतणी